आत्या काय माझी एकटीची होती?

तीर्थरूप दादा,

नमस्कार. (संतापले आहे, पण वयाचा मान ठेवते.) तब्येत विचारत नाही, "एकदम फर्स्टक्लास" हे उत्तर मला पाठ आहे.

"हिला सोडा, ही आत्यावर गेलीय." लहानपणी मी कशावरून तरी रडत होते तेव्हा तू हे म्हणालास आणि घर हसलं. भिंतीकडे तोंड करून पडून असलेली आपली आत्या तेवढी हसली नाही. रविवारी जेवताना तेच वाक्य तू माझ्या मुलीच्या अंगावर फेकलंस. का, तर तिने विचारलं, "मामा, तुला बरं वाटत नाहीये का?"

त्या तिरीमिरीत मी विद्यापीठात गेले. उदासपणा घराण्यातून येतो का, यावर तिथे संशोधन चालतं आणि त्यांना माणसं हवी होती. म्हटलं, एकदाचं लेखी आणून तुझ्या तोंडावर मारते. आधी एका नळीत थुंकायचं होतं (जनुकं थुंकीतही असतात म्हणे). तोंडाला कोरड. मग तुझं वाक्य आठवलं आणि नळी काठोकाठ भरली. तेवढा तुझा उपयोग झाला. पुढे पडद्यावर दोन चेहरे, एक कोरा, एक रडवेला. ते गेले की एकाच्या जागी ठिपका येतो. तो दिसला की बटण दाबायचं. मी बसले रडवेल्यांतच अडकून. एका टकल्या गृहस्थांबद्दल तर विचारलंच, "यांचं काय झालं हो?" संशोधन करणारी मुलगी वैतागली. "काकू, ठिपका बघा! त्यांना काही झालेलं नाही, ते फोटोपुरते रडतायत!"

शेवटी विचारलं, म्हणजे मी आत्यावर गेलेय ना? म्हणाली, "असं एका नळीवरून सांगता येत नाही. नजर रडवेल्या चेहऱ्यांकडे वळायचा थोडा कल रक्तातून येत असेल. पण म्हणून आजार होतोच असं नाही. भावंडं असतील तर त्यांनाही आणा." तिथे माझं डोकं फिरलं. अरे, आत्या काय माझी एकटीची होती? तुझ्याही बापाचीच बहीण ना ती? मग सगळा वारसा माझ्या नावावर कुणी केला?

तुझी बहीण

ता. क. मुलगी विचारतेय, मामा रागावला का.

आणखी एक. वहिनीचा फोन आला होता. ऑफिसातून येतोस आणि गाडी बंद करून खालीच बसून राहतोस, म्हणाली. तिच्यावर ओरडू नकोस, मीच खोदून विचारलं. शनिवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे, दोघांची. आधी मी आत जाईन. "मला काय धाड भरलीय?" म्हणशील आणि फोन आपटशील, ठाऊक आहे. तरी विचारते, येशील?