काठाला मिळालेली जागा

आई, तुला नदीबद्दल सांगायचंय. तू गेलीस तेव्हा मी नागपुरात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते आणि मासा म्हटलं की आपल्याला रविवारचा रस्सा तेवढा ठाऊक होता. आता मी कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला, एका धरणाखालच्या नदीत उभी राहून सामन मासे मोजते. नवरा फ्रीमाँटला असतो, सांता क्लाराच्या एका कंपनीत कामाला जातो. हंगामात मी सोमवारी ड्राइव्ह करत नदीवर येते, आठवडाभर मोटेलात राहते आणि शुक्रवारी परत फिरते. यापेक्षा चांगली बातमी असती तर ती आधी सांगितली असती. जे सांगायचंय ते मागच्या हिवाळ्यातलं आहे, दोन हजार सात संपत आलं होतं तेव्हाचं.

हा मासा समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला आपल्या नदीत परत येतो. मादी आधी जागा शोधते. ते शोधणं मी तासन्‌तास पाहिलंय. ती तळाशी जाते, थांबते, थोडी पुढे सरकते, पुन्हा मागे येते. पोटाखालच्या खडीतून पाणी खेळतंय की नाही हे ती कशानं ओळखते कोण जाणे. सुपारीपासून लिंबापर्यंतचे गोटे, फार खोल नाही, फार उथळ नाही, अशी जागा मिळाली की ती कुशीवर होते आणि शेपटीनं खडी उडवून खड्डा करते. त्यात अंडी घालते, नर त्यावर आपलं बीज सोडतो, मग ती खडी लोटून सगळं झाकते आणि अंगात जीव असेतो राखण करते. पिल्लं वर येण्याच्या खूप आधी ती मेलेली असते. तिच्यामागे अंड्यांना फक्त ती जागा उरते. पाणी वाहतं राहिलं तर जगतात, नाहीतर खडीच्या आत गुदमरतात. चांगल्या जागा थोड्या असतात, आणि आधी आलेल्या मोठ्या माद्या मधला पट्टा धरून बसतात.

त्या वर्षी मासे फारच कमी आले, तरी मधला पट्टा भरला होता. वरून येणारी खडी धरणातच अडते, खाली चांगली खडी उरलीयच कुठे. त्यात ही एक उशिरा, नोव्हेंबर लागल्यावर आली. लहानखुरी, शेपटीची कड फाटलेली. ती मधल्या पट्ट्यात शिरायची आणि तिथली मोठी मादी तिला हाकलून द्यायची. खाली गेली, तिथूनही हाकलली. सकाळपासून हेच. दुपारी ती अगदी काठाला, विलोच्या झाडाच्या फांद्यांखाली आली. तिथे पाणी माझ्या पोटरीएवढंही नव्हतं, तिची पाठ उघडी पडत होती. तिथे ती कुशीवर झाली. आमची प्रमुख माझ्या शेजारी उभी होती, साठीला आलेली, उन्हानं रापलेली गोरी बाई, सगळं आयुष्य असल्या नद्यांवर काढलेली.

"पुअर चॉइस," ती म्हणाली.

"चॉइस होता कुठे तिला?" मी म्हणाले. "सकाळपासून बघतेय मी. तिला कुणी थांबूच दिलं नाही."

"ते मलाही दिसलं. पण जिथे अंडी घातली ती तिची निवड. आपण असंच म्हणतो." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू थरथरतेयस. गाडीत बस जरा, हीटर लाव."

मी थंडीनं थरथरत नव्हते. मला आपलं खोली शोधणं आठवत होतं. तुझी बदली झालेली, बाबा चंद्रपूरला कामावर, आणि तू धाकट्याला कडेवर घेऊन, माझा हात धरून दवाखान्याच्या आसपासच्या गल्ल्या फिरतेयस. नर्सबाई म्हटलं की लोक दार उघडतात. खोली दाखवतात, नळ दाखवतात, अंगणातला पारिजातक दाखवतात. मग शेवटी विचारतात, "आडनाव काय म्हणालात?" तू आडनाव सांगतेस, आणि त्या बाई म्हणतात, "अय्या, मी विसरलेच बघा, आमच्या भाच्याला शब्द दिलाय." त्या दिवशी किती भाचे निघाले, आई! संध्याकाळी आपल्याला नाल्याकाठची ती खोली मिळाली. तू उंबऱ्यात उभी राहून नाल्याकडे बघत होतीस, ते मला आठवतं. मग आत जाऊन केर काढायला लागलीस. पुढल्या पावसाळ्यात नाला घरात आला. उतरला तेव्हा धाकट्याला जुलाब लागले, आणि ज्या दवाखान्यात तू दुसऱ्यांची बाळं हातात घ्यायचीस तिथेच तो गेला. विहारातले भंते येऊन गेल्यावर आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "जागा पाहून घ्यायची होती ना बाई." तू काहीच बोलली नाहीस. मी वाट बघत होते की तू भाच्यांबद्दल सांगशील.

इथे पाऊस कमी झाला होता. डिसेंबरात धरणवाल्यांनी ठरवलं की पाणी साठवायचं, नदीत कमी सोडायचं. आम्ही सकाळी पोचलो तेव्हा काठ आत सरकलेला होता आणि विलोखालची ती खडी उघडी पडली होती. मादी केव्हाच मेली होती. घरटं म्हणजे ओलसर गोट्यांचा एक उंचवटा, बस. प्रमुखानं धरणाच्या ऑफिसात फोन लावला, भांडली, मग फोन बंद करून म्हणाली, "थोडे दिवस म्हणतात. म्हणजे किती ते सांगत नाहीत."

अंडी तशी चिवट असतात. आतली खडी ओली राहिली तर पाण्याबाहेरही बरेच दिवस काढतात. पण पिल्लू फुटून बाहेर आलं की त्याला वाहतं पाणी लागतं, मग तो काही तासांचा खेळ. आणि ही अंडी फुटायला आली होती. मी विचारलं, "बादलीनं पाणी घालू का?"

"नदीकाठी अशी घरटी कितीतरी आहेत. तू काय काय भिजवणार?"

"हे एक."

तिनं गाडीतून बादली काढून माझ्या हातात दिली. "घाल. पण पाय देऊ नकोस त्याच्यावर. खडी दबेल."

मी बादल्या भरून आणल्या. हळूहळू ओतायचं, गोटे हलायला नकोत. पाणी आत जायचं आणि उतारानं नदीकडे निघून जायचं. गाडीतलं गोणपाट भिजवून वर पसरलं, रात्रीच्या गारठ्यात खडी गोठू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मोजणीचं काम उरकायचं आणि परत विलोखाली यायचं. हात फुटले, बादलीची कडी बोटांत रुतून बसली. मी रडत होते आणि मला तुझा वॉर्ड आठवत होता. मी शाळेतून तुझा डबा घेऊन येते, पडदा बाजूला होतो, तुझ्या हातात एक निळं पडलेलं बाळ असतं, ते रडत नाही, म्हणून मी रडायला लागते. तू वर न बघता म्हणतेस, "रडायचं असन तर बाहेर जा. इथं हात लागतात." ते बाळ रडलं का शेवटी? तू मला कधी सांगितलं नाहीस.

शुक्रवारी नवऱ्याचा फोन आला. शनिवारी विकत घ्यायला एक टाउनहाउस बघायला जायचं होतं. मी म्हणाले, मला जमणार नाही.

"यार, मी एजंटला किती वेळा कॅन्सल करू? हे हातचं जाईल."

"जाऊ दे."

"माशांसाठी?" तो चिडला नव्हता, आणि तेच सहन होत नव्हतं. "हे बघ, तुला एकही घर पसंत पडत नाही. गेल्या वेळी तू घर दाखवणाऱ्या बाईला विचारलंस, पाऊस पडला की पाणी कुठे जातं. ती माझ्याकडे बघून हसली."

"मग कुठे जातं?"

"गटारात जातं, अजून कुठे? फ्रीमाँटमध्ये पूर येत नाही." मग म्हणाला, "तू ठीक आहेस ना? खरं सांग."

मी ठीक आहे म्हणाले. तो पुण्याचा, आपल्यातलाच. त्याला नाल्याबद्दल सांगितलं असतं तर त्यानं सगळं ऐकून घेतलं असतं. पण मी फोन ठेवला आणि बादली उचलली. आई, मला घर निवडता येत नाही. मी दारात उभी राहते, माणसं किचन दाखवतात, मुलांच्या शाळा सांगतात, आणि मला वाटतं, मी हो म्हटलं आणि काही झालं तर ते माझ्यावर येईल. कुणीतरी म्हणेल, पाहून घ्यायचं होतं ना.

पुढच्या आठवड्यात पाणी परत आलं. आम्ही घरट्यांवर जाळ्या बसवल्या, वर येणारी पिल्लं धरून मोजायला. मधल्या पट्ट्यातल्या घरट्यांवरच्या जाळ्यांत ती दिसू लागली, काडीएवढी, मोठाल्या डोळ्यांची. विलोखालच्या जाळीत काहीच आलं नाही. मी रोज जाऊन बघत होते. फेब्रुवारीअखेर आम्ही रीतसर परवानगी घेऊन ते घरटं उघडलं. प्रमुख खडी काढत गेली, मी ट्रे धरला होता. वरच्या थरात थोडी पांढरी पडलेली अंडी होती. खाली, गोट्यांच्या फटीत, पिल्लं होती. पोटाला पिवळी पिशवी लागलेली, सगळी मेलेली. पाणी शोधत ती खाली खाली गेली होती.

"म्हणजे अंडी टिकली होती," ती हळूच म्हणाली. "तुझ्या पाण्यानं टिकली. फुटलीसुद्धा. पाणी थोडं आधी आलं असतं तर..."

मी ट्रे खाली ठेवला. मी अंडी जगवली ती एवढ्यासाठी? की जन्मावं आणि मग गुदमरावं? मी तिला हे विचारलं, ओरडूनच विचारलं. तिनं माझ्या हातातले ओले ग्लोव्ह्ज काढले, आपले कोरडे माझ्या हातात घातले आणि खडी परत लोटायला लागली. संध्याकाळी गाडीत ती मला म्हणाली, "ती उशिरा आलेली होती. तिला जागा मिळाली नाही." पुअर चॉइस हे शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत. पण त्यानं काय होणार? पिल्लं मेलीच. या वर्षी समुद्रात मासेमारीच बंद ठेवलीय, इतके मासे कमी झालेत. टाउनहाउस दुसऱ्या कुणीतरी घेतलं. आम्ही अजून भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये आहोत, तिसऱ्या मजल्यावर, आणि नवरा आता घराचा विषय काढत नाही.

मला तुला एवढंच विचारायचं होतं की आत्या बोलली तेव्हा तू गप्प कशी राहिलीस. तुलाही वाटत होतं का, की चूक तुझीच? वाटत असेल तर नव्हती, आई. मी ते फिरणं पाहिलंय, मी तुझ्या हाताला धरून होते. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली, आणि आता सांगायला तू नाहीस. लिहून झालं की मी हे फाडून टाकीन, कारण ठेवलं तर पुन्हा वाचत बसेन.

अजून एक. कामाला लागताना मला विचारलं होतं, पोहता येतं ना? मी हो म्हणाले. मला येत नाही, आई. पाणी कमरेच्या वर आलं की मी तुला हाक मारते. मराठीत मारते, त्यामुळे कुणाला कळत नाही.