वेन्डेलच्या पुस्तकातला हार्लन

डेटन, ओहायो
ऑक्टोबर १९५४

प्रिय वेन्डेल,

तुझी कादंबरी इथल्या दुकानदाराला तिसऱ्यांदा मागवावी लागली. अभिनंदन! आमच्या रस्त्यावर ती घरोघरी आहे आणि जो तो तीत आपल्या शेजाऱ्याला शोधतोय. एकाच साच्यातली घरं, रविवारी गाड्या धुणारे नवरे, दुसरीच्या नव्या फ्रिजवर डोळा ठेवणाऱ्या बायका, सगळ्यांना तू बरोबर पकडलंयस. मी हसले, रागावले, पुन्हा हसले. फक्त त्या बायकोवर माझा राग आहे. दोनशे पानं ती नुसते केक भाजते आणि भांडी घासताना डोळे पुसते. मी कधी रडूबाई होते रे?

नवरा मात्र हुबेहूब माझा हार्लन. युद्धात गेलेलं डाव्या हाताचं अर्धं बोट, गवत कापताना बेसूर शीळ, विमानाच्या कारखान्यातली नोकरी. हे घेतलंस ते घेतलंस, पण त्याला कॉलेजात असताना कम्युनिस्टांच्या सभेलाही पाठवलंस. तिथे तो खुर्चीवर चढून स्पेनच्या यादवी युद्धातल्या उपाशी मुलांसाठी भाषण करतो आणि सभासद म्हणून सही करतो. पुस्तकातलं तेच प्रकरण सगळ्यात चांगलं आहे, आणि तेच आमच्या मुळावर आलंय.

कारखान्याचे सुरक्षा अधिकारी मिस्टर प्रॅट पुस्तक काखेत मारूनच घरी आले. अशा कुठल्याही सभेला मी कधी गेलो नाही, असं हार्लनने नोकरीला लागताना शपथेवर लिहून दिलंय. प्रॅट म्हणाले, "बोट तुमचं, शीळ तुमची, मग सभा तेवढी दुसऱ्या कुणाची?" "मेहुण्याने रचलंय," एवढंच हार्लन म्हणाला. त्यावर प्रॅटनी खिशातून तुझी मुलाखत काढली. त्यात तू म्हणतोस, या पुस्तकातली एकही घटना मी रचलेली नाही. ही फुशारकी मारायची काही गरज होती का, वेन्डेल?

तेव्हापासून, चौकशी संपेपर्यंत, हार्लन घरी बसून आहे. शपथ खोटी ठरली तर नोकरी जाईलच, वर तुरुंग. रोज सकाळी माझ्या स्वयंपाकघरात कॉफी पिणारी शेजारची मिल्ड्रेड परवा कुंपणापलीकडूनच म्हणाली, "लोरेन, मनाला लावून घेऊ नकोस हं, पण गुरुवारी पत्त्यांना आम्हाला चौथी मिळालीये." आमच्या धाकटीला वर्गातल्या मुलीच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं नाही. ती विचारते, "मम्मी, डॅडी रशियाचे आहेत का?" फोन वाजला की आम्ही दोघंही जागचे उठत नाही. "अरे, एक शब्द तरी बोल की त्यांच्याशी!" म्हणून मी हार्लनवर ओरडले, तर म्हणतो, "तू यात पडायचं नाहीस, सांगून ठेवतो."

पण मी पडले. काल त्याला न सांगता प्रॅटच्या ऑफिसात गेले आणि म्हटलं, त्या सभेत बोलले ती मी, सही माझी, हार्लनला तर मी तेव्हा ओळखतही नव्हते. मला त्याची आजही लाज वाटत नाही. प्रॅट हसले. "मॅडम, नवऱ्यासाठी बायका वाट्टेल ते सांगतात. पुस्तकात तर पुरुष आहे." तू तर त्या सभेत पहिल्या रांगेत बसून मला टाळ्या वाजवत होतास. पुढे, बाई असं बोलते हे वाचकांना पटायचं नाही म्हणून माझं भाषण उचलून हार्लनच्या तोंडी घातलंस आणि मला केक भाजायला बसवलंस. सोमवारी प्रॅट न्यूयॉर्कला तुझ्याकडे येणार आहेत. सगळं कल्पित आहे असं सांगून मला वाचवायला जाऊ नकोस. ते आता कुणी ऐकणार नाही, आणि हार्लन आत जाईल. माझं नाव सांग. माझं काय व्हायचं ते होऊ दे. मी जिवंत बाई समोर उभी राहून सांगते तरी त्यांना तुझं पुस्तकच खरं वाटतं, म्हणून आता तुलाच सांगावं लागेल.

तुझीच बहीण,
लोरेन