चार खोक्यांचा मेनारा

बांडुंग, ९ जानेवारी २००७

ती. बूलिक रुकाया यांस,
भाची विगातीचा सलाम वि. वि.

पत्र हातात पडताच तुम्ही पाकीट उलटं करून झटकणार, नवरदेवाचा फोटो पडतो का बघणार आणि पडला नाही की माझ्या आईला नावं ठेवणार, हे मला ठाऊक आहे. फोटो नाही. त्याहून बरी बातमी आहे. फोनवरच सांगितली असती, पण तुमच्या बर्फाच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतो.

लेबारानच्या ईदला आले होते तेव्हा भरतीचं पाणी तुमच्या ‘न्हाणीघरा’च्या पायात शिरलेलं पाहिलं. गावानं नाव मात्र झकास ठेवलंय. तापलेलं पाणी वरून फळ्यांवर सांडतं, पंखा वारा घालतो आणि पाणी निवून परत कॉम्प्रेसरकडे जातं. पण ते दोन मजली कुजकं लाकूड अजून किती तग धरणार? जमीन खचतेय, अर्धं गाव कालव्याकाठच्या वोनोसारीत जायला निघालंय. न्हाणीघर पडलं की बर्फ बंद, बर्फ बंद झाला की होड्या दुसऱ्या बंदराला, आणि होड्या गेल्या की गाव दाही दिशांना पांगलं. तुमचं आपलं एकच, न्हाणीघर हलत नाही म्हणून मीही हलत नाही.

तर आता हलेल असं काहीतरी मी तयार केलंय. आमच्या कंपनीनं मान्यता दिली आहे. पहिला मेनारा मी तुमच्या गावाला देणार आहे. ट्रकमधून येईल, दिवसभरात उभा राहील, आणि उद्या गाव उठलं तर तोही उठून बरोबर येईल. वीजही कमी खाईल, कारण हवा गार झाली की त्याचा पंखा आपोआप हळू होतो.

लोभ आहेच, तो न्हाणीघरासारखा गळू देऊ नये.

आपली,
विगाती


तंबाकरेजो, २ फेब्रुवारी

चि. गेंडुक विगाती हीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. सगळ्या गावालाच पोचलं म्हण ना! माझा चष्मा बांदेंग माशांच्या टोपलीत पडला आणि टोपलीवर मी बसले, म्हणून पत्र वाचायला मशिदीत बांग देणाऱ्या मोदीनना दिलं. वरचं कॉम्प्रेसरचं पुराण त्यांनी भराभरा गुंडाळलं. ‘पहिला मेनारा मी तुमच्या गावाला देणार आहे’ इथं आले आणि त्यांचे डोळेच भरून आले. अल्हम्दुलिल्लाह म्हणाले, आणि पत्र घेऊन धावत सुटले ते सुटलेच.

अगं शहाणे, कारखान्याचा मेनारा की मशिदीचा, एवढं लिहायला तुझी शाई संपली होती का? आपल्याकडे कुणी न्हाणीघराला मेनारा म्हटलंय कधी? आमच्या मशिदीचा मेनारा खाऱ्या पाण्यात कललाय. मोदीन रोज गुडघाभर पाण्यातून बांग द्यायला जातात. त्यांना वाटलं, बू हाजी रुकायाच्या भाचीनं नवा मेनारा पाठवला. संध्याकाळपर्यंत तो संगमरवरी झाला, दुसऱ्या दिवशी त्याच्यावर सोन्याचा घुमट चढला. मी नाही म्हणाले तर लोक म्हणतात, बघा, बू हाजींचा विनय बघा! बाजारात मला कोथिंबीरसुद्धा फुकट मिळायला लागली आहे. खाताना घशाखाली उतरत नाही.

आणि हा चालता मेनारा म्हणजे काय गं प्रकार? उद्या शेजारच्या गावातल्या एखाद्या बाईच्या मागे गेला तर त्याला परत आणायला कोण जाणार?

आईला सांग, फोटो अजून आला नाही.

तुझी,
बूलिक


बांडुंग, १४ फेब्रुवारी

ती. बूलिक यांस,
सलाम वि. वि.

आमच्या पुस्तकात त्याला ‘मेनारा पेनदिंगिन’ म्हणतात, गार करणारा मनोरा. शब्द मी काढलेला नाही. मोदीनना म्हणावं, हा नुसता पाणी गार करतो, पुण्य नाही. तीन खोकी आहेत, एकेक कपाटाएवढं. आत मधाच्या पोळ्यासारखे प्लास्टिकचे पत्रे आहेत, म्हणून लहान जागेत मावतं. घुमट नाही. हात जोडून सांगते, ढोलताशे लावू नका.

लोभ असावा, आणि कोथिंबीर परत करावी.

विगाती


तंबाकरेजो, ११ एप्रिल

चि. विगातीस,
अ. उ. आ.

ढोलताशे नाही लावले. रेबाना लावले, पंचवीस पोरी डफ वाजवत ट्रकला सामोऱ्या गेल्या. बायांनी पिवळ्या भाताचा डोंगर रचला होता. ताडपत्री निघाली आणि आतून निघाली तीन कपाटं. मग मोदीननी विचारलं, मेनारा आत घडी करून ठेवलाय का? नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! भात मात्र सगळ्यांनी खाल्ला.

पण खरं हसं पुढेच झालं. तुझ्या माणसांनी खोकी जोडली, न्हाणीघर बंद केलं, आणि सकाळी लाद्या काढल्या तर काय! वरून बर्फ, आत पाणी. तुमच्या शिक्षणासारखंच अगदी. होडीवाल्यांनी एक लादी फोडली, आतलं पाणी प्याले, आणि म्हणाले की बू हाजींनी आता शहाळ्यांचा धंदा काढलाय. सात होड्या दुसऱ्या बंदराला गेल्या. मी परत कुजकं न्हाणीघर सुरू केलं. त्याचा एक पाय आता दोरानं बांधून ठेवलाय.

ज्या गावानं मला फुकट कोथिंबीर दिली, त्याच गावाला मी पोकळ बर्फ दिला. मला फार लागलंय ते. तुला लागलं तर बरंच होईल.

तुझी,
बूलिक


बांडुंग, १९ एप्रिल

ती. बूलिक यांस,
सलाम वि. वि.

लागलं. दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी सोयाबीनचं तेंपे तळून खाल्लं, कारण उपाशीपोटी गणित सुटत नाही.

चूक माझी आहे, खोक्यांची नाही. मी ती इथे, डोंगरावर तपासली. इथली हवा कोरडी आणि गार, पाणी पटकन सुकतं आणि सुकताना गार होतं. तुमची हवा आधीच ओल्या धोतरासारखी, ती आणखी पाणी घेणार कुठून? कागदावर तुमच्या गावच्या ओलाव्याचा आकडा मी घेतला होता, पण सरकारी हवामान केंद्राचा, आणि ते केंद्र शहरात आहे. तुमच्या धक्क्यावर येऊन हवा मोजायला मला सवड झाली नाही. लेबारानला आले तेव्हा मी तुमच्याकडे बसून फक्त मासे खाल्ले.

चौथं खोकं पाठवते आहे. सुटे भाग असल्याचा हाच फायदा, जुन्या न्हाणीघराला मजला चढवता आला नसता. ह्या वेळी ट्रकबरोबर मी स्वतः येते आणि घट्ट लादी निघेपर्यंत हलत नाही. कंपनीनं सुट्टी दिली नाही, मी घेतली. मला रागवायचं असेल तर समोर रागवा, पत्रातून फार टोचतं.

लोभ असावा, नसला तरी दाराला कडी लावू नये.

विगाती


वोनोसारी, २८ जून

चि. गेंडुक विगाती हीस,
अ. उ. आ.

पत्त्याकडे बघ आधी. हो, मी हलले. तू मे महिन्यात पहिली घट्ट लादी काढून, ती मिठीत घेऊन रडलीस आणि गेलीस. त्यानंतरची गोष्ट सांगते.

मोठी भरती आली. न्हाणीघराचा बांधलेला पाय सुटला आणि सगळं लाकूड मशिदीच्या दिशेनं तरंगत गेलं. मला वाईट वाटलं, पण त्याच्यामागे पोहत जाण्याएवढं नाही. कॉम्प्रेसर सगळ्या गावानं दोर लावून ओढला. तुझी चार खोकी मात्र चौघाचौघांनी उचलून ट्रकात टाकली आणि वोनोसारीत उतरवली. दुसऱ्याच दिवशी बर्फ निघाला, आत पाणी नाही. होड्या कालव्यातून वर येऊ लागल्या. सातांपैकी पाच परतल्या आहेत. उरलेल्या दोघांना मी शहाळी म्हणून चिडवणार आहे, येऊ देत फक्त.

मशिदीचा मेनारा काही आला नाही बाई. तो तिथंच पाण्यात उभा आहे, आणखी कललेला. मोदीन इथं आले तेव्हा लहान मुलासारखे रडले. नव्या जागी मशीद म्हणजे नुसती ताडपत्री आहे. बांग द्यायची कुठून? गावात उंच, पक्कं आणि वीज असलेलं एकच काय होतं, सांग.

त्यांनी लाजत लाजत विचारलं. मी म्हणाले, चढवा. आता तुझ्या चौथ्या खोक्याला बांबू बांधून त्यावर कर्णा लावलाय. पहाटे हवा गार असते, तुझा पंखा आपोआप हळू होतो, आणि त्या शांततेत मोदीनचा आवाज कालव्याच्या पलीकडेपर्यंत जातो. वीज वाचवायला केलं होतंस ना ते? बघ कशाला उपयोगी पडलं.

आता बाजारात बायका पुन्हा म्हणतात, बू हाजींनी गावाला मेनारा दिला. ह्या वेळी मी कोथिंबीर घेतली आणि पिशवीत टाकली.

लोभ आहे तो वाढतोच आहे. फोटो पाठव, नाहीतर स्वतः ये.

तुझी,
बूलिक रुकाया