दाराकडची बाजू

दि. ३ फेब्रुवारी

चि. भोंपूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू ‘बघू’ म्हणतोस आणि विषय तिथेच बसतो, म्हणून हे पत्र. कागदावर ‘बघू’ लिहायला तुझी तुलाच लाज वाटेल, अशी आशा आहे. तर ऐक. जूनमध्ये तू, वहिनी आणि मी, आपण तिघं युरोप बघायला जाणार आहोत. जन्मभर मी भिंतीवरच्या नकाशावर छडी टेकवून पोरांना युरोपातल्या नद्या शिकवल्या आणि एकीच्याही पाण्यात पाय बुडवला नाही. शाळा सुटली, आता मी आणि नकाशा एकमेकांची तोंडं बघत बसतो. तूही गेल्या वर्षी बसची ड्रायव्हरकी सोडलीस. तुझा धाकटेपणा संपायची वाट बघत बसले तर माझे गुडघे थांबायचे नाहीत.

बेत असा आहे. मोठी शहरं आगगाडीनं करायची आणि शहरात ट्राम, बस, जे मिळेल त्यानं हिंडायचं. पुढे डोंगरांच्या पायथ्याशी गाडी भाड्यानं घ्यायची. मी सगळ्यात जास्त वेळा शिकवलेली नदी एका घाटापलीकडे बर्फाखालून निघते. तिथे आगगाडी जात नाही, आणि बस जाते ती तिच्या लहरीनं. तेवढा भाग तू गाडी चालवायचीस. तुझ्यासारख्या माणसाला एक छोटी मोटार म्हणजे हातचा मळ.

वहिनीला विचारलं. औषधांच्या दुकानातून रजा मिळेल म्हणाली, पण आवाज जरा पडलेला वाटला. तिची तब्येत बरी आहे ना ते कळव.

लोभ आहेच, तो उत्तर पाठवून वाढवावास.
तुझी,
ताई

---

दि. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. हिची तब्येत ठणठणीत आहे. काल तिनं दुकानातल्या मालकालाच पथ्य सांगितलं.

बेत झकास आहे. मी वाचनालयातून दोन जाडजूड पुस्तकं आणली आणि जेवणाच्या टेबलावर युरोप पसरला. ही म्हणते, आता ताटं मांडीवर घ्यायची का. तिकडच्या आगगाड्यांचा एकच पास काढला की कितीतरी देश हिंडता येतात. ट्राममध्ये कंडक्टर नसतो. तिकिटावर आपणच यंत्रात शिक्का मारायचा, नाहीतर तिकीट खिशात असूनही माणूस फुकट्या ठरतो. तू शिस्तीची, तेव्हा शिक्क्याचं खातं तुझ्याकडे.

मात्र गाडीचं सोडून दे. स्टिअरिंग उलट्या बाजूला, घाट अरुंद, जुन्या गावांत गाडी न्यायला बंदी, आणि एका गावात घेतलेली गाडी दुसऱ्या गावात सोडली तर भुर्दंड वेगळा. आणि खरं सांगू का, मला कंटाळा आलाय. आचारी घरी कधी स्वयंपाक करतो का? जन्मभर पुढची काच बघितली, आता बाजूची बघू दे. तुझ्या नदीची चित्रं पुस्तकात फार सुंदर आहेत. त्यातलं एक तुझ्यासाठी काढून घेईन.

लोभ आहे तसाच राहू द्यावा, गाडीच्या पायी आटू नये.
तुझा,
भोंपू

---

दि. २० फेब्रुवारी

चि. भोंपूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण तुझ्यासाठी वापरावी लागेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. म्हणे स्टिअरिंग उलट्या बाजूला! अरे, लहानपणी तू जेवणाची थाळी हातात धरून घरभर गाडी हाकायचास आणि तोंडानं इतका भोंगा वाजवायचास की शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. थाळीला कुठे बाजू होती?

आणि नदीचं चित्र मला नको. तेच दाखवून इतकी वर्षं पोरांना फसवलं आहे. तू नाही म्हणालास तर मी सहल कंपनीच्या, झेंडा घेऊन पुढे चालणाऱ्या बाईच्या मागून जाईन. ती मला घाटाच्या अलीकडे एका दुकानात सोडेल आणि मी लाकडी चमचे विकत घेऊन परत येईन.

चेष्टा पुरे. आपल्या अण्णांचं शेवटी काय झालं ते आपण दोघांनी पाहिलं. रोजचा रस्ता, आणि एक दिवस घर कुठलं तेच आठवेना. आपणही त्यांचीच मुलं. डोकं ठिकाणावर आहे तोवर बघायचं ते बघून घ्यावं, एवढंच म्हणते.

राग आला असेल तर तो तिथेच ठेवावास, होकार तेवढा पाठवावास.
तुझी,
ताई

---

दि. २७ फेब्रुवारी

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी दुकानात काउंटरमागे बसून लिहिते आहे. ह्यांना माहीत नाही. तुमचं पत्र ह्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. थाळीपर्यंत हसत होते. अण्णांचं आलं आणि वाचायचं सोडलं. पत्राची घडी घातली, टेबलावरची दोन्ही पुस्तकं उचलली आणि वाचनालयात परत करून आले.

वन्सं, तुमचा दोष नाही, तुम्हाला काही सांगितलेलंच नव्हतं. ह्यांनी मला शपथ घातली होती, ती आज मोडते. निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना ह्यांच्या रोजच्या वाटेवर चौकात पाण्याचा नळ फुटला. नियंत्रण कक्षात नवी मुलगी होती. तिनं रेडिओवरून बस डावीकडे घ्यायला सांगितली. ह्यांनी घातली उजवीकडे, थेट एका बोळात. भरलेली बस दोन्ही भिंतींमध्ये बुचासारखी बसली. दार उघडेना. लोकांना मागच्या संकटकाळच्या खिडकीतून उतरवावं लागलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण उतरताना एक गृहस्थ म्हणाले, की म्हातारबा विसरायला लागले. तेवढं वाक्य ह्यांनी घरी आणलं.

रोजचा चौक, ऐकलं बरोबर आणि हात उलटे गेले, अण्णांचंही असंच सुरू झालं असणार, असं ह्यांनी त्या दिवशी मला सांगितलं. मी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं स्मरणशक्ती उत्तम आहे. ह्यांनी त्यातलं फक्त ‘वयाच्या मानानं’ ऐकलं. तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावलेला नाही. शेजारच्यांनी त्यांची गाडी जरा पुढे घ्या म्हटलं, तर पाठ धरलीय म्हणाले. खिडकीत बसून जाणाऱ्या बस बघतात. मला कसलीही नदी बघायची नाही. मला माझा माणूस परत पाहिजे.

तुम्ही मोठ्या आहात, काही सुचलं तर कळवा. पत्र मात्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवा. आपली माया अशीच राहावी.
आपली,
वहिनी

---

दि. ४ मार्च

चि. सौ. वहिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी आधी रडले. मग दुसऱ्यांदा वाचताना एका शब्दावर अडकले, आणि रडू पळालं. ती मुलगी ‘डावीकडे’ म्हणाली, असंच लिहिलं आहेस ना?

अगं, त्याला डावं-उजवं कधी कळत होतं? शाळेत कवायतीच्या मास्तरांनी ‘डावीकडे वळ’ म्हटलं की सगळी रांग एकीकडे तोंड करायची, आणि हा शेजारच्या पोराच्या नाकाला नाक लावून ताठ उभा. आईनं मनगटाला लाल दोरा बांधला, की हा डावा. त्यानं तो सोडून भोवऱ्याला गुंडाळला. शेवटी मास्तरांनी कंटाळून त्याला रांगेतून काढलं आणि ढोल वाजवायला पुढे उभा केला. घरी येऊन बढती मिळाली म्हणून सांगितलं ह्यानं.

बस चालवताना त्यानं इतकी वर्षं कसं निभावलं ते मला ठाऊक नाही. त्याची काहीतरी युक्ती असणार, ती तू शोध. पण एक गोष्ट मी छडी आपटून सांगते. जे कधी आलंच नाही, ते माणूस विसरणार कुठून? अण्णांना घर ठाऊक होतं, ते हरवलं. ह्याच्याजवळ मुळात नव्हतंच, मग गेलं काय? हे त्याला माझ्या नावानं सांग. शपथ मोडल्याचं खापर माझ्या डोक्यावर फोड, ते टणक आहे.

जपून राहा, आणि काय झालं ते लगेच कळव. लोभ तुझ्यावर त्याच्यापेक्षा जास्त आहे, हे त्याला सांगू नकोस.
तुझी,
ताई

---

दि. ११ मार्च

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

युक्ती सापडली. इतकी वर्षं माझ्या घरातच होती आणि मला दिसली नाही.

जेवायला बसल्यावर मी मुद्दाम म्हटलं, की डावीकडची बरणी द्या. ह्यांनी एका बरणीकडे बघितलं, दुसरीकडे बघितलं, मग विचारलं, दाराकडची का? आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. लग्न झाल्यापासून मी हेच ऐकते आहे. उशी दाराकडची, कपाट दाराकडचं. एकदा डोळ्यांच्या डॉक्टरला ह्यांनी दाराकडचा डोळा चुरचुरतो म्हणून सांगितलं होतं आणि डॉक्टर उठून दार बंद करून आले होते. मला वाटायचं, बोलायची एकेकाची तऱ्हा. पण उतारू चढतात ते बसचं दार नेहमी डाव्या अंगाला असतं. डेपोत सगळे ‘दाराकडे घ्या’ आणि ‘ड्रायव्हरकडे घ्या’ असंच बोलतात, रेडिओवरचे जुने साहेबही तसंच बोलायचे. ते निवृत्त झाले आणि ती शिकलेली मुलगी आली. ह्यांच्या सबंध नोकरीत डावं-उजवं विचारणारी पहिली तीच असावी!

मग मी सगळं सांगून टाकलं आणि तुमचं पत्रच पुढ्यात ठेवलं. शपथ मोडली म्हणून आधी चिडले. मग वाचलं. पुन्हा वाचलं. ‘विसरणार कुठून’ पाशी बोट ठेवून बसून राहिले. उठून मोरीत गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले. मी बोलावलं नाही. बाहेर आले ते डोळे पुसत, आणि मला विचारलं, की ती ढोलाची खरंच बढती नव्हती का?

आज सकाळी वाचनालय उघडायच्या आधीच दारात जाऊन उभे राहिले आहेत. आपले उपकार म्हटलं तर रागवाल, म्हणून म्हणत नाही. माया असू द्यावी.
आपली,
वहिनी

---

दि. २ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दोन बायका मिळून माझ्यामागे पत्रव्यवहार करतात, हे मला मुळीच आवडलेलं नाही. तसं तुला कळवण्याचं ठरवलं होतं, ते कळवून टाकलं. आता पुढचं.

डेपोतल्या मेस्त्रीची गाडी उसनी मागितली. कशाला हवी असं त्यानं विचारलंसुद्धा नाही, किल्ली हातावर ठेवली. पहिल्या रविवारी बाजाराच्या रिकाम्या मैदानात चकरा मारल्या. हात ओले होत होते, ते पँटला पुसून पुसून चालवली. ही शेजारी बसून ‘दाराकडे’, ‘तुमच्याकडे’ असं सांगत होती. एकदाही चुकलो नाही. मग तिनं मध्येच ‘डावीकडे’ म्हटलं, आणि मी गाडी जागेवर उभी करून कोणतं दार म्हणून विचारलं. आम्ही दोघं इतकं हसलो की मैदानाच्या राखणदारानं येऊन डोकावून बघितलं.

युरोपाचा अभ्यास पुन्हा काढला आहे. ताई, एक गंमत ध्यानात आली. जगात कुठेही जा, बसचं दार फुटपाथाकडेच असतं. स्टिअरिंग इकडचं तिकडे होईल, पण उतारू रस्त्याच्या मध्यावर कोणी उतरवत नाही. म्हणजे तिकडेही मी दाराच्या कडेनंच चालायचं. गोल चौकात दाराकडेच शिरायचं. खुणा नसलेल्या नाक्यावर दाराकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, असा तिकडच्या बऱ्याच देशांचा नियमच आहे. पुस्तकात त्यासाठी डाव्या-उजव्याची पानंच्या पानं भरली आहेत. मोटारीला चार दारं असतात हे मला कळतं, तू लगेच लिहू नकोस. आपलं दार म्हणजे तू बसशील ते. नकाशा मांडीवर घे, पण ‘ईशान्येला वळ’ म्हणालीस तर घाटात उतरवीन.

शहरं आगगाडीनंच करू, तिथे गाडी म्हणजे गळ्यात धोंड. डोंगराच्या गावी गाडी घ्यायची आणि तिथेच परत द्यायची, म्हणजे भुर्दंड नाही. तिकडे चालणारा परवाना काढायला अर्ज दिला आहे. हिनं गोळ्यांची आणि मलमांची इतकी मोठी पिशवी भरली आहे, की तिकडे एखादं दुकान काढेल.

आता गेल्या रविवारचं सांगतो. पहिल्यांदाच एकटा निघालो. कुठे जायचं ते ठरवलं नव्हतं, पण गाडी आपोआप माझ्या जुन्या वाटेला लागली. इस्पितळापुढचा थांबा आला आणि पाय आपसूक ब्रेकवर गेला. थांब्यावर एक नर्स उभी होती. रात्रपाळी संपवून वर्षानुवर्षं माझ्या बसनं घरी जायची. त्या दिवशी बोळात अडकलेल्या बसमध्येही ती होती. खिडकीतून मी स्वतः तिला हात देऊन उतरवलं होतं. मला वाटलं, ओळख न देता पुढे जावं. तेवढ्यात तिनं दार उघडलं आणि आत येऊन बसली. रजेवरून यायला फार दिवस लावलेत, एवढं म्हणाली. मागे टेकली आणि पुढच्या नाक्याच्या आत गाढ झोपली.

ताई, मी एकदाही भोंगा न वाजवता चालवत होतो. खड्डा दिसला की गाडी पिसासारखी नेत होतो. आमच्या धंद्यात दाखले खूप मिळतात, भिंतीवर टांगलेत ते तू पाहिले आहेस. पण उतारू ज्याच्या गाडीत झोपतो, तोच खरा ड्रायव्हर. तिचा नेहमीचा थांबा आला तेव्हा मी तिला जागं केलं आणि परत येताना रस्ताभर तोंडानं भोंगा वाजवला. म्हातारपणी. खिडक्या बंद ठेवून.

तेव्हा भाड्याच्या गाडीसाठी लिहिशील तेव्हा चालक म्हणून माझं नाव घाल. आणि घाटात तुला झोप लागली तर खुशाल झोप. नदी आली की उठवीन.

लोभ आहे हे आता सांगायला नको, जूनपर्यंत तब्येत मात्र सांभाळावीस.
तुझा,
भोंपू