तीस छिद्रांची पाटी

कळमनुरी, ११ ऑक्टोबर २००५

प्रिय सबिहा,

माझ्या हातानं केलेलं आज आठवून पाहिलं. सागाच्या चौकटी एकोणीस, आपल्या मशिदीत इमामसाहेब खुतब्याला उभे राहतात त्या मिंबराच्या तीन पायऱ्या, मयत न्यायचा मशिदीचाच जनाजा, तुझ्या लग्नातलं कपाट, आणि एक पाटी. पाटी फूटभर लांब, चार इंच रुंद. गिरमिटानं पाडलेली दोन-दोन सुतांची तीस छिद्रं, एकही रेषेबाहेर नाही. लाल खुंट्या, पांढऱ्या खुंट्या. तुला तो खेळ वाटायचा. तू हात लावलास की तुझी अम्मी चापट मारायची.

बापानं लेकीला हे लिहू नये म्हणतात. तरी लिहितो. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात तिचे दिवस बिघडले. आधी सहा दिवसांत मोकळी व्हायची. आता वीस-पंचवीस दिवस थांबेना. ती विचारायची, "आज तरी नमाज पढू का?" मी चौथी शिकलेला, पण उर्दू अक्षरं दुकानांच्या पाट्या वाचून स्वतः शिकलेलो. मोहल्ल्यात कुणी दीनाचा मसला, काय चालतं काय नाही ते, विचारला की मी सांगायचो, आणि लोक ऐकायचे. घरातल्या मसल्याच्या किताबेतला हैजचा, म्हणजे पाळीचा, बाब काढला, दोनदा वाचला. रक्त असेपर्यंत नमाज नाही, रोजा नाही. मग ही पाटी केली. रक्ताच्या दिवसाला लाल, कोरड्या दिवसाला पांढरी, म्हणजे वाद नको.

नऊ महिने पाटी लालच राहिली. रमजान आला, सगळा मोहल्ला रात्री तरावीहच्या नमाजेला, आणि ती दारात पाय पोटाशी घेऊन बसलेली. तुला वाटायचं अम्मी नाराज आहे. एकदा मी विचारलं, आज कसं काय? तर हसून म्हणाली, "मला काहून विचारताव? तुमची पाटी सांगून राहिली की!" दवाखान्याचं तिनं दोनदा काढलं. मी म्हणालो, बाईमाणसाचं हे चालायचंच.

मग मे महिन्यात शिरड शहापूरच्या खातून आपा आल्या. त्या पोरींना कुराण शिकवतात, तू ओळखतेस. त्यांनी खाटेजवळची पाटी बघितली, खुंट्या मोजल्या आणि माझ्याकडे वळल्या. "मिस्त्री, तुमी लाकूड बराबर मोजता. पुढचं पान न्हाई उलटलं?" मी किताब काढली. हैजच्या बाबानंतर लगेच दुसरा बाब होता, इस्तिहाजाचा. रक्त दहा दिवसांच्या पुढं गेलं तर बाईच्या नेहमीच्या सवयीचे दिवस तेवढे हैजचे. हिचे सहा. त्यानंतर आंघोळ करायची. पुढचं रक्त आजाराचं. दर नमाजेच्या वक्ताला कपडा बदलून, हात-तोंड-पाय धुऊन नवा वजू करायचा आणि पढायचं, रोजाही धरायचा. रक्त वाहत असलं तरी.

चौकट बसवताना मी दोनदा मोजतो. इथं एक पान उलटलं नाही.

महिन्याचे सहा वगळले तर नऊ महिन्यांतले दोनशे सोळा दिवस तिचे हक्काचे होते. दिवसाला पाच, म्हणजे एक हजार ऐंशी नमाजा. मग तिला पाटीसकट नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाटीवर नजर टाकली आणि विचारलं, "नऊ महिने मोजत बसलात, आणलं का नाही?" कॅन्सर पिशवीबाहेर गेला होता. तुला आम्ही सांगितलं, अशक्तपणा. घरी आल्यावर तिनं पडल्या-पडल्या इशाऱ्यानं राहिलेल्या नमाजांची कजा सुरू केली. एक नमाज झाली की एक पांढरी खुंटी. मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. तीनशे बारा झाल्या आणि ती गेली. जनाजा मी केलेलाच होता.

ती पाटी मी दुकानात टांगली आहे, रंधा मारताना समोर दिसावी म्हणून.

परवा तुझ्या नवऱ्याचं पत्र आलं. तुझं बावीस दिवस थांबलेलं नाही, सासूबाई नमाजेच्या चटईला, जानमाजेला, हात लावू देत नाहीत, आणि 'अम्मींना केली होती तशी पाटी सबिहाला करून द्या, मसलाही लिहा.' मसला वर लिहिला आहे, या वेळी आपांना वाचून दाखवून. तुझ्या सवयीचे दिवस संपलेत, आंघोळ कर आणि आजपासून पढ. सासूबाईंना हे पत्र दाखव. माझी लाज ठेवू नकोस. सोमवारी सकाळच्या एसटीनं मी हिंगोलीला येतोय, दवाखान्यात तुला मीच नेणार. पाटी मात्र मी करणार नाही. मागच्या महिन्यात खेळण्यांचा एक दुकानदार दुकानात आला होता. टांगलेली पाटी बघून म्हणाला, लेकरांना आकडे शिकवायला झकास चीज आहे. दोनशे नग द्या, नगाला पंचेचाळीस रुपये. नऊ हजार. मी नाही म्हणालो.

तुझाच,
अब्बा