चाक्को सरांचा पन्नास दिवसांचा उपास

११ फेब्रुवारी, रविवार

उद्यापासून मोठा उपास. ईस्टरपर्यंत मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, ब्रँडी नाही. यंदा खास भर म्हणून रागही नाही. आजचा शेवटचा दिवस, म्हणून बीफ तीनदा वाढून घेतलं. वाया जाऊ नये एवढाच हेतू.

फादर औसेप घरी आले होते. ईस्टरच्या आधीच्या रविवारी पाम संडे, त्याच्या आदल्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये भाषण द्या म्हणाले. विषय : 'सेक्युलर जगात ख्रिस्ती मूल्ये'. दुसरं कोण देणार? अख्ख्या पाला गावामध्ये ही मूल्यं माझ्याइतकी कोणी जगलेलं नाही. जानेवारीत आमच्या एकुलत्या एक टिन्सीने बंगळुरूला रजिस्टर लग्न केलं. मुलगा श्रीजित. धर्माच्या रकान्यात रेघ मारतो. बाकी नोकरी चांगली, दात चांगले. मी कुणावर अन्याय करत नाही. पण त्याच संध्याकाळी घरी प्रार्थनासभा होती, तिथे उठून सगळ्यांदेखत सांगितलं, आजपासून टिन्सी आम्हाला मेली. आवाजसुद्धा चढवला नाही. सोसाम्मा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. काही बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलं. अशी बायको मिळायला नशीब लागतं. लग्नाला तीसच्या वर वर्षं झाली, कधी उलट बोलली नाही.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ७

टिन्सीचा फोन. उचलला नाही. बराच वेळ वाजला.

मनातल्या मनात तिला क्षमा मात्र केली आहे. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये असं शास्त्रच सांगतं, मग क्षमा केलेली तिला कशाला कळायला हवी?

नारळ काढायला आलेल्या माणसावर ओरडलो. तो राग नव्हता, सूचना होती.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

धाकट्या भावाच्या नातवाचा बाप्तिस्मा. सोसाम्मा आली नाही. गुडघा दुखत असेल. तिने रेडिओही बंद करून ठेवलाय. उपास असा मनापासून करावा. संध्याकाळच्या प्रार्थनेत आपल्या घरातल्या गेलेल्यांची नावं घ्यायची असतात, तीही हल्ली तीच घेते. माझे आईवडील, तिचे आईवडील, तिचा भाऊ. शेवटी एक नाव इतकं हळू घेते की ऐकू येत नाही. माहेरचं कोणी असेल.

टिन्सीचा फोन आलेला नाही. बरंच झालं, एकदाची समजली.

९ मार्च, शनिवार

मासा खाल्ला नाही. बहिणीकडे फक्त कालवणाचा रस्सा घेतला. त्यात एक तुकडा आला, तर त्याला मी काय करणार?

हल्ली सकाळी साडेसहाला फाटकापाशी जातो. पेपर यायचा असतो. बंगळुरूची बसही त्याच सुमाराला येते, तो योगायोग. पेपरवाला वर्की आगाऊ आहे. म्हणाला, सर, पेपर मी रोज पायरीवर नेऊन टाकतोय की, तुम्ही इथे कशाला तिष्ठत बसता? त्याला म्हटलं, पायरीवर दव असतं, पेपर भिजतो. बस आली. मायलेकरू उतरली आणि एक म्हातारा.

उद्यापासून भाषणाची तयारी.

२३ मार्च, शनिवार

भाषण झालं. पाऊण तास बोललो. मागच्या दोन रांगा उठून गेल्या, पण आज घरोघर गूळखोबऱ्याचे कोळुक्कट्टे उकडायचे असतात, बायकांना घाई असणारच. बायबलातल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यावर चांगलाच जोर दिला. म्हटलं, बघा, बाप त्याला शोधायला गेला नाही! मुलगा आपल्या पायांनी परत आला!

नंतर फादरनी काळा चहा पुढे केला आणि सहज बोलल्यासारखं बोलले, चाक्को सर, पोरगं अजून लांब होतं तेव्हाच बापाला दिसलं असं लिहिलंय. एवढ्या लांबून कसं हो दिसलं? बिचारा रोज रस्त्यावर डोळे लावून उभा असणार.

तरुण फादर आहेत. वाचन कमी. घरी येईपर्यंत डोकं तापलेलं होतं. राग नव्हे, पित्त.

२४ मार्च, रविवार

चर्चमधून पाम संडेच्या झावळ्या आणल्या. गुरुवारी येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून घरोघर बिनखमिराचा आप्पम मोडतात, त्यावर ठेवायचा झावळीचा क्रूस मी स्वतः विणला. दरवर्षी हे काम टिन्सीचं. माझा जरा तिरका झाला. तिसऱ्यांदा विणला, तोही तिरका.

आज पेपरसाठी गेलो नाही. मुद्दामच. उगाच कोणाचा गैरसमज नको. बस आलेली ऐकली. थांबली नाही.

२८ मार्च, पेसहाचा गुरुवार

सकाळी सोसाम्माला म्हटलं, तांदूळ-उडीद भिजव, संध्याकाळी आप्पम मोडायचा आहे. ती भाजी निवडत राहिली. चर्चहून आलो, आंघोळ केली, धुतलेलं मुंडू नेसलो, क्रूस घेऊन स्वयंपाकघरात गेलो. चूल थंड. पीठ नाही, नारळाचं दूध नाही, काही नाही.

विचारलं, हे काय?

म्हणाली, अहो, सुतकातल्या घरी आप्पम करतात का? वर्षात माणूस गेलं की शेजाऱ्यांनी आणून द्यायचा असतो. तुमच्या आईच्या वेळी नव्हता का आला?

म्हटलं, आपल्याकडे कोण गेलंय?

तर म्हणाली, तुम्हीच सांगितलंत ना, सगळ्यांदेखत. मी रोज नाव घेते तिचं. ऐकलं नाहीत?

अगदी साध्या आवाजात. भाजीत मीठ घातलंय असं सांगावं तशी. उभ्या जन्मात कधी उलट बोलली नाही, आणि आजही बोलली नाही, माझेच शब्द मला वाढले. 

तेवढ्यात शेजारची एली आली. हातात केळीच्या पानाने झाकलेलं ताट. अशा घरी आत यायचं नसतं, काही बोलायचं नसतं. ताट दारातच दिलं, माझ्याकडे न बघता डोळ्यांना पदर लावला आणि गेली. सोसाम्माने तिला सांगून ठेवलं असणार. तिनेही खरं मानलं. सगळ्यांनीच मानलं होतं. न मानलेला मी एकटाच.

सोसाम्मा म्हणाली, मोडा. मोडला. मोठ्यापासून धाकट्यापर्यंत द्यायचं. एक माझा, एक सोसाम्माचा. मग हातात तिसरा तुकडा राहिला. हात आपोआप मोडत गेला. टिन्सी दरवर्षी कुरकुरायची, अप्पा, धाकटी म्हणून काय नेहमी कोपराच माझ्या वाट्याला?

कोपराच होता. पानात गुंडाळून ठेवलाय. माझी पोर. माझी जिवंत पोर. काय बोलून बसलो मी!

२९ मार्च, गुड फ्रायडे

पेज आणि हिरवे मूग. ताट तसंच झाकून ठेवलं.

दुपारी फोन केला. बोलायचं सगळं ठरवलं होतं. पहिलं वाक्य तर पाठच केलं होतं. तिने लगेच उचलला. अप्पा, अम्माला काय झालं? आधी सांगा, अम्माला काय झालं?  घरात कोणी गेल्याशिवाय मी फोन करणार नाही, हे तिने धरूनच ठेवलं होतं.

म्हटलं, काही नाही झालं. कोणी गेलेलं नाही.

 मग तिने विचारलं, मग फोन कशाला केलात?

पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. म्हटलं, चुकून लागला. मग विचारलं, तिकडे ऊन आहे का?

आहे म्हणाली. बरं, ठेवते अप्पा, म्हणाली.

सोसाम्मा दारात उभी होती. ट्रे नव्हता, नुसतीच. काय म्हणाली, विचारलं. सांगितलं, बंगळुरूला ऊन फार आहे.

आज प्रार्थनेत तिने शेवटचं नाव घेतलं नाही. माझ्याकडे बघत थांबली. मलाही घेता आलं नाही.

उद्या पेपरला सुट्टी आहे. तरी साडेसहाला फाटकापाशी जाणार आहे.