पाटावरून उचललेला संगणक

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
'निर्मळ पट्टा' ई-कचरा अभियान,
संकलन केंद्र, चाकण.

अर्जदार : सौ. तनुजा गोरक्ष येळवंडे, स्प्रिंग वर्कशॉप, कुरुळी.

विषय : खंडेनवमीच्या पूजेतला संगणक व दोन फ्लॉप्या कचरा म्हणून उचलून नेल्याबद्दल, व त्यांचा चुरा होण्याआधी परत मिळणेबाबत.

संदर्भ : आपण अर्जदारास पाठविलेले 'पर्यावरणमित्र' प्रशस्तिपत्र.

महोदय,

१. उपरोक्त अर्जदार कळवितात की, त्यांच्या वर्कशॉपात स्प्रिंग वळविणारे एक जुने मशीन आहे. ते ज्या संगणकावर चालते तो त्याच वयाचा, आणि त्यातले सॉफ्टवेअर बाजारात मागूनही मिळत नाही. ते लिहिणारे तळवड्याचे श्री. निरंजन यांची कंपनी केव्हाच बंद पडली. संगणक गेल्यावर अर्जदार त्यांच्या दारी गेल्या, तेव्हा ते कपाळाला हात लावून म्हणाले, "ताई, माझ्याकडे काही उरलं नाही. तुमच्याकडे होतं तेच शेवटचं."

२. सॉफ्टवेअरची नक्कल वेगळी ठेवावी एवढी अक्कल अर्जदारांना आहे. एक फ्लॉपी वर्कशॉपात, दुसरी घरी सासूबाईंच्या ट्रंकेत असे. परंतु खंडेनवमीला पान्यापासून फुटपट्टीपर्यंत झाडून सगळी हत्यारे पूजेला बसतात, हे या पट्ट्यात कुणाला शिकवावे लागत नाही. सासूबाई श्रीमती सारजाबाई यांनी ट्रंक उघडली. "जे आपल्या पोटाला घालतंय, त्ये आजच्या दिशी कोंडून ठिवायचं व्हय? त्येला बी कुकू लावा," असे त्यांचे म्हणणे पडले. त्यामुळे संगणक आणि दोन्ही फ्लॉप्या एकाच पाटावर आल्या. आत फरशी धुणे चालू होते, म्हणून पाट शटरबाहेर मांडला होता.

३. तेवढ्यात आपली गाडी आली. अर्जदार आत पाण्यात उभ्या होत्या. सासूबाई बाहेरून ओरडल्या, "आरं, द्येवापुढचं हाय त्ये! हात नगा लावू!" त्यावर आपला माणूस म्हणाला, "आजी, वरून ऑर्डर आहे. जुनं दिसलं की उचलायचं." अर्जदार धावत बाहेर येईतो गाडी वळणापार गेली होती. हार आणि नारळ मात्र पाटावर तसेच होते. ओला कचरा वेगळा ठेवावा, हा आपला नियम आपल्या माणसांनी काटेकोर पाळला. ज्याने संगणकावरचा हार हाताने उतरवून बाजूला ठेवला, त्याला ती पूजा दिसली नाही, असे आता आपण म्हणू नये.

४. तक्रार केल्यावर आपल्या कार्यालयाने प्रशस्तिपत्र धाडले, तेही फ्रेम करून! अर्जदारांचे डोके फिरले आहे, हे येथे लेखी नमूद करण्यात येत आहे. त्यानंतर आपले लिपिक श्री. खंडू यांनी एक कोरा करकरीत संगणक पुढे केला व "तुमचा डबा गेला, हा भारी न्या, फायदाच झाला की! सॉफ्टवेअर काय, नेटवरून उतरवून घ्या," असा सल्ला दिला. दुभती गाय सोडून न्यायची आणि बदल्यात दूध काढायला नवी चरवी द्यायची, यात कुणाचा फायदा झाला ते त्यांनी सांगितले नाही.

५. मशीन तेव्हापासून मुके आहे. पुनम व मिनल या दोघी कामगार रोज येतात, मशीन पुसतात आणि डबा खाऊन घरी जातात. माल घेणाऱ्या कंपनीने शनिवारपर्यंत थांबू, पुढे दुसरा माणूस बघू, असे कळविले आहे. कामच गेले की अर्जदारांना शटर ओढावे लागेल, आणि या वयाचे मशीन भंगारवाल्याशिवाय कोणी घेणार नाही. म्हणजे तेही शेवटी आपल्याकडेच येईल.

६. आपल्या गोदामातला चुरा शुक्रवारी होणार, असे कळते. अर्जदारांना भरपाई नको, दिलगिरी तर मुळीच नको. चुरा थांबवावा आणि श्री. निरंजन यांच्यासह गोदामात शिरून शोधू द्यावे. दारावरचा रखवालदार म्हणतो, "एकदा कचऱ्यात आलं की ते कचराच." साहेब, कचरा कशाला म्हणायचे ते ज्याच्या घरची वस्तू आहे त्याला आधी विचारायचे असते. एवढी रीत आमच्या कुरुळीत शेंबड्या पोरालाही कळते.

नम्रपणाने लिहायचे तेवढे लिहून झाले आहे.

आपली,
सौ. तनुजा गोरक्ष येळवंडे
कुरुळी, दि. १३ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) पूजेचा फोटो. संगणकावर डाव्या अंगाला सासूबाईंची कुंकवाची पाच बोटे आहेत, ओळख पटण्यास पुरेशी व्हावीत.
२) प्रशस्तिपत्र, फ्रेमसह परत.
३) पाटावरचा नारळ. फोडलेला नाही. मशीन सुरू होईल त्या दिवशी फोडायचा आहे, तोवर आपल्या टेबलावर असू द्यावा.